ॲनाचं मत

“सच बोलो ॲना,” अबू सुलतान म्हणाले. “लेना कि नहीं लेना?”

नवं पिस्तूल त्यांनी नुकतंच रिकामं करून टेबलावर ठेवलं होतं. साठी उलटलेला माणूस, पण चेहरा असा फुलला होता, जणू आजच मुंज झालीय आणि कोणीतरी सायकल दिलीय. ॲनाने दोरी ओढून कागदी निशाण जवळ घेतलं, त्यातली भोकं पाहिली आणि ती हसली.

“ले लो बाबा. आपके हाथ में बहुत अच्छा बैठता है.”

“वल्ला? कसम से?”

“झूठ कभी बोली मैं आपको?”

नाही बोलली. अबू सुलतान तिथूनच फोनवर दुकानदाराशी अरबीत बोलायला लागले आणि मी काउंटरवर कपाळाला हात लावला. बाईने एक वाक्य बोलायचं आणि दुकानदाराचं दुकान चालायचं. याला काय म्हणावं?

मी हेमा. नवरा इथे आखातात, रास अल खैमातल्या सिरॅमिकच्या कारखान्यात, मी शूटिंग क्लबच्या काउंटरवर. ॲना लोपीस वसईतल्या नंदाखालची. आली होती क्लबच्या कॅफेत कॉफी करायला. गर्दी नसली की काचेतून नेमबाजी बघत बसायची, म्हणून कुणीतरी गमतीत तिच्या हातात पिस्तूल दिलं, आणि पुढे कॉफी दुसऱ्या कुणीतरी करायची वेळ आली. आता वीसएक वर्षं ती लाइनवरची, म्हणजे नेमबाज उभे राहतात तिथली, प्रशिक्षक आहे. विधवा आहे, मुलगा तिकडे मार्गी लागलाय. परत जा म्हटलं तर जाऊ शकते. पण तिला जायचं नाही. सकाळी लाइनवर उभी राहिली की ती वीतभर उंच होते, हे मी रोज काचेतून पाहते.

तर त्या महिन्यात एका विक्रेत्याने हे नवं पिस्तूल पंधरवड्यासाठी क्लबात ठेवलं होतं. जुनं प्रसिद्ध मॉडेल, शंभर वर्षांपूर्वीचं, त्याचाच हा आधुनिक अवतार. परवाना असलेल्या सभासदांकडे घरी जुनं होतंच. नवं घ्यावं का, हा प्रश्न. मी जुन्याला सासूबाई म्हणायला लागले आणि नव्याला सूनबाई. मॅनेजर यूनुसभाई हैदराबादचे, त्यांना ते इतकं आवडलं की तेही तेच म्हणायला लागले.

सूनबाईंचं कौतुक काय सांगू! दातांच्या डॉक्टर मरियम हात चिमुकले म्हणून जुन्याला नेहमी नावं ठेवायच्या. त्या म्हणाल्या, पहिल्यांदाच कोणीतरी माझ्या हाताचा विचार करून पिस्तूल बनवलंय. खल्फान नावाचा तरुण सभासद त्या वर बसवलेल्या भिंगातल्या लाल ठिपक्यावरच भाळला. नेम धरावा लागतच नाही, ठिपका ठेवा आणि झाडा. अबू सुलतानांचं जुनं त्यांच्या वडिलांचं होतं, त्यामुळे ते दोन दिवस नुसते बघत होते. तिसऱ्या दिवशी हातात घेतलं आणि म्हणाले, “बाबा होते तो वो भी लेते. मुझे गाली देते, फिर लेते.”

सगळ्यांनी शेवटी विचारलं मात्र ॲनाला. सगळ्यांना ती म्हणाली, घ्या.

आता जे मला माहीत होतं आणि यूनुसभाईंना नव्हतं, ते सांगते. ॲनाचा डावा अंगठा गेला होता. मुळाशी सांधा सुजलेला, रात्री शेक घ्यायची. आधी तिच्या डब्याचं झाकण माझ्याकडे उघडायला यायला लागलं, मग पाण्याची बाटली. पिस्तुलाचा वरचा पोलादी भाग, ज्याला स्लाइड म्हणतात, तो डाव्या हाताने मागे ओढावा लागतो. गोळी अडकली तरी तसाच ओढून ती काढावी लागते. सासूबाईंची स्प्रिंग सासूबाईंसारखीच. ॲना डावा हात जागेवर ठेवून उजव्याने पिस्तूलच पुढे ढकलायची. लांबून कळायचं नाही. पण पुढच्या महिन्यात प्रशिक्षकांची वार्षिक परीक्षा होती. बाहेरचा परीक्षक येतो, अडकलेली गोळी काढून दाखवावी लागते. नापास झालं की लाइन बंद.

आणि सूनबाईंची स्लाइड? माझ्यासारखीनेही दोन बोटांनी ओढावी.

म्हणून यूनुसभाई टेबलाशी येऊन म्हणाले, “ॲना मॅडम, मेंबर लोग सब खुश हैं. क्लब के लिए भी यही मंगा लूँ? पुराना सब निकाल देते,” तेव्हा मी मनात देवाला नारळ कबूल केला. परीक्षा क्लबच्या पिस्तुलावर होते. क्लबचं पिस्तूल बदललं की ॲना सुटली.

ॲना म्हणाली, “मेंबर को बोलो, आँख बंद करके लो. क्लब के लिए मत लो, भाई.”

“क्यूँ?”

“हमारे पास नया आदमी आता है. डरा हुआ. इसका ट्रिगर बहुत हलका है. पुराना माफ करता है, ये नहीं करेगा.”

“तुम बोले तो खलास,” यूनुसभाई म्हणाले आणि गेले. झालं. एवढंच.

जेवणाच्या सुट्टीत मी तिला पँट्रीत गाठली. “वेडी आहेस का गं तू? आयतं ताट समोर आलं आणि तू पाटावरून उठलीस!”

“झाकण उघड आधी,” तिने डबा पुढे केला.

“नाही उघडत. मर उपाशी.”

“अगं बाय, परवाची ती बाई आठवते? पहिल्यांदाच आली होती, नवऱ्याबरोबर. शेजारच्या लेनमध्ये आवाज झाला तशी दचकली आणि पिस्तुलासकट वळली माझ्याकडे. बोट चापावर. तिची मूठ सैल झाली होती. आपल्या जुन्याच्या मुठीला मागे पट्टी आहे, ती नीट दाबली नाही तर गोळी सुटतच नाही. म्हणून सुटली नाही. नव्याला ती पट्टी नाही. तू आज माझ्या मयताच्या मिस्साला बसली असतीस.”

“अगं पण तुझी परीक्षा? व्हिसा? मॅनेजमेंटला काय, दुसरा माणूस चुटकीसरशी मिळतो.”

“ती सूनबाई वाईट नाही गं हेमा. गुणाची आहे. माझ्या हाताला तर देवाने धाडल्यासारखी. यूनुसभाईंनी विचारलं असतं ना, ‘ॲना, तुझ्यासाठी घेऊ का,’ तर मी नाचले असते. पण त्यांनी विचारलं, क्लबसाठी घेऊ का.”

डबा उघडून दिला आणि दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. राग तिचा नव्हता. एवढा सरळपणा आपल्याला जमला नसता, त्याचा होता.

परीक्षेच्या दिवशी सकाळचं सत्र नेहमीसारखं भरलं होतं. परीक्षक मागे उभा राहून ॲना लाइन कशी चालवते ते बघत होता. अबू सुलतान, डॉक्टर मरियम, खल्फान, सगळे आपापली कोरी करकरीत पिस्तुलं घेऊन लेनमध्ये होते. यूनुसभाईंनी मलाही आत बोलावलं. मी कानांवर मफ चढवून मागच्या बाकावर बसले.

ॲनाने सत्र छान चालवलं. खल्फानचं कोपर तिने वळून न बघताच दुरुस्त केलं. परीक्षकाच्या मानेवरूनच कळत होतं की तो खूश आहे. शेवटी त्याने क्लबचं जुनं पिस्तूल तिच्यापुढे ठेवलं. आत खोटी गोळी अडकवलेली होती. तेवढी काढायची.

ढकलून ही स्लाइड हलणार नव्हती. गोळी घट्ट बसली होती, ओढायलाच हवी होती. तिने ओढली. पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा अंगठा सटकला आणि तिच्या तोंडून बारीक आवाज आला. गोळीबार थांबला म्हणून मी मफ काढला होता, त्यामुळे मला ऐकू आला. लाइनवरचे सगळे वळून बघत होते.

अबू सुलतानांना ते बघवलं नाही. त्यांनी आपल्या टेबलावरच्या नव्या पिस्तुलाकडे हात केला. “इससे करो, ॲना. ये भी तो क्लब में चलता है.”

यूनुसभाईंनी परीक्षकाकडे पाहिलं. परीक्षकाने क्षणभर विचार केला आणि मान डोलावली. नियमात बसत होतं. क्लबच्या मालकीचं नव्हे, क्लबात वापरात असलेलं पिस्तूल, एवढंच नियमात लिहिलं होतं. मी अक्षरशः उठून उभी राहिले. कर गं, कर!

ॲनाने ते पिस्तूल पाहिलं. मग जुनं पिस्तूल नीट, तोंड निशाणाकडे करून, टेबलावर ठेवलं.

“शुक्रिया बाबा. वो आपका है. किसी नए आदमी के हाथ में ये पुराना अटकेगा, तो मुझे यही खोलना पड़ेगा.” आणि मग यूनुसभाईंकडे वळून, “भाई, कल से लाइन पर दूसरा कोई देखो.”

तिचा आवाज हलला नाही. माझा हलला असता. मला रडू आलं होतं आणि ते लपवायचंही भान राहिलं नाही.

पण सत्र अजून उघडंच होतं. लेनमध्ये भरलेली पिस्तुलं होती. ते बंद करायला यूनुसभाई पुढे सरकले, तर परीक्षकाने त्यांच्या दंडाला हात लावून थांबवलं. लाइन तिची होती.

ॲनाने पाठ ताठ केली. “सीज फायर. अनलोड. हँड्स ऑफ.”

पिस्तुलं भराभर रिकामी होऊन टेबलांवर गेली. अबू सुलतान, डॉक्टर, खल्फान, सगळ्यांनी हात पाठीमागे घेतले आणि एक पाऊल मागे सरले. ॲना पहिल्या लेनपासून निघाली. प्रत्येक पिस्तुलाशी थांबायची, वाकून आत बघायची, मान हलवायची आणि पुढे जायची. अबू सुलतानांच्या सूनबाईंशी जरा जास्त थांबली. शेवटच्या लेनपर्यंत पोचली. आता फक्त ‘रेंज इज सेफ’ म्हणायचं होतं, म्हणजे लोक हलायला मोकळे.

ती भिंतीशी उभी राहून सगळी लाइन बघत होती. म्हणायला तिने बराच वेळ लावला. तोवर कोणी हललं नाही.