चार ओळींचा पिवळा

"गाडी पायानं थांबत नसते रे, गाण्यानं थांबते. म्हण माझ्यामागून."

तीस वर्षांपूर्वीचा तो आवाज, जरासा घोगरा, वाक्याच्या शेवटी हसू दडवलेला. सभागृहाचा जिना चढता चढता व्हॅनकाका मधल्याच पायरीवर थांबले. नवा चष्मा काढून त्यांनी सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा डोळ्यांवर ठेवला आणि ओठांतल्या ओठांत म्हणाले,

पुढे पोर,
मागे माय,
हळू ओढ,
टेक पाय.

आवाज मोटार शिकवणाऱ्या मास्तरांचा होता. पुढे ते त्यांचे सासरे झाले. एकाच खिळखिळ्या गाडीत मास्तरांनी तिघांना शिकवलं: स्वतःच्या मुलीला, मुलाला आणि ह्या होऊ घातलेल्या जावयाला. पिवळा दिवा लागला की गाणं सुरू करायचं. एका ओळीला घड्याळाचा एक ठोका. चौथी ओळ संपते तिथं लाल. "पिवळा लागताना तू विजेच्या खांबाच्या अलीकडे असलास तर थांब. पलीकडे गेला असलास तर घाबरून ब्रेक मारू नकोस, मागचं माणूस तोंडावर आपटेल. गाणं संपायच्या आत तू पांढरी रेघ ओलांडतोसच."

बावीस वर्षं काकांनी शाळेची व्हॅन ह्या गाण्यावर चालवली. कुणाच्या लेकराच्या गुडघ्याला कधी खरचटलं नाही. मग सात महिन्यांपूर्वी चौकात कॅमेरे आले आणि काकांना पहिली नोटीस आली. फोटोत व्हॅनचा ओळखीचा पिवळा पाठमोरा देह, पुढच्या चाकाखाली पांढरी रेघ, वर लाल दिवा.

"मी तोडला नाही गं," ते बायकोला म्हणाले होते.

तिनं दातांनी दोरा तोडला. कपडे शिवण्याचा तिचा धंदा, घरातल्याच चौकाकडच्या खोलीत. कापडाची घडी नीट करत ती म्हणाली, "अहो, एकदा डोळे तपासून घ्या ना. वयाचं असेल."

काकांनी तपासले. नंबर निघाला नावापुरता, तरी तिनं हट्टानं चष्मा करायला लावला. पहिल्या दिवशी मागच्या बाकावरची एक चिमुरडी ओरडली, "काका, आता लाल दिसतो का?" सगळी व्हॅन हसली. काकाही हसले. पुढे चष्म्यासकट आणखी दोन नोटिसा आल्या, तेव्हा कुणी हसलं नाही. तिसऱ्या नोटिशीला परवाना जप्त झाला. पालकांनी एकेक करून, फार गोड बोलून, मुलं काढून घेतली. डोळे नसतील तर हातपायच मंदावले असतील, अशी काकांनी स्वतःची समजूत घातली आणि सकाळी सातला उठून कुठंही न जाण्याची सवय लावून घेतली.

आज सकाळी दूध आणायला ते पायी चौकात उभे होते. पिवळा लागला आणि जुन्या खोडीनं ओठ हलले. तिसरी ओळ संपली न संपली तोच लाल लागला. गाडीत असताना खांब मागे पडला की त्यांची नजर चौकातल्या माणसांवर असायची, दिव्यावर नसायची. पायी असल्यामुळे पहिल्यांदाच पाहिलं. हातात दुधाची पिशवी धरून त्यांनी दहा वेळा गाणं म्हटलं. दहाही वेळा 'टेक पाय' लाल दिव्याखाली उघडं पडलं.

"आज सभा आहे कॅमेऱ्यांची. मी बोलणार," घरी येऊन त्यांनी सांगितलं.

"नका जाऊ," बायको मशीनवरून मान वर न करता म्हणाली. "तुम्ही घाईनं म्हणत असाल गाणं. लोकांत हसं होईल."

पण तीही त्यांच्या मागोमाग आली आणि दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीवर बसली.

सभागृह पहिल्या मजल्यावर, चौकाच्या तोंडावरच होतं. आणखी बारा चौकांत कॅमेरे लावावेत की नाही, ह्यावर लोकांचं म्हणणं ऐकायचं होतं. अध्यक्षबाई निवृत्त न्यायाधीश. शेजारी वाहतूक खात्याचे साहेब, आणि साहेबांच्या मागे फायली सांभाळत बसलेला काकांचा मेहुणा. लहानपणी घरातला प्रत्येक खटका उघडून बघायचा म्हणून घरात त्याला खटक्याच म्हणत. आता शहरातले सगळे सिग्नल त्याच्या हाताखाली. गेल्या वर्षी तो नोकरीत कायम झाला तेव्हा बहिणीनं शिवलेला आकाशी सदरा त्यानं आज घातला होता. काकांना पाहून त्यानं मान हलवली आणि पुन्हा फायलीत घातली.

"आमच्या बायकोकडे नाहीत इतके माझे फोटो त्या खांबाकडे आहेत!" एक रिक्षावाला म्हणाला. "लग्नात पण एवढे काढले नव्हते."

हशा पिकला. तो ओसरायच्या आत एक परिचारिका उभी राहिली.

"तुम्ही हसा. मी अपघात विभागात असते. त्या चौकातून आमच्याकडे येणारी माणसं कमी झालीत. तुमचा फोटो आवडला नाही म्हणून तुम्ही चिडता, आमच्याकडे येणाऱ्याच्या घरच्यांना आम्ही त्याचा चेहरा दाखवू शकत नाही कधी कधी."

काका तिच्या पाठोपाठ उभे राहिले आणि क्षणभर त्यांना वाटलं, ह्या बाईपुढे आपण काय बोलणार?

"बाई बरोबर बोलल्या," ते म्हणाले. "कॅमेरा असू दे. मी बावीस वर्षं लेकरं वाहिलीत, मला तो नकोसा कशाला होईल? पण पिवळा दिवा पूर्वी चार ओळींचा होता. आता तीन ओळींचा झालाय."

"चार कसल्या?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

काकांनी गाणं म्हटलं. मागून कुणीतरी टाळी वाजवली. "अहो काका, बालवाडी शेजारच्या इमारतीत!"

"पिवळा नियमानुसारच आहे," साहेब म्हणाले. "चालक थकला की असल्या तक्रारी सुरू होतात."

काकांचा हात आपसूक चष्म्याकडे गेला. पण अध्यक्षबाई खुर्ची सरकवून उठल्या होत्या. "खिडकी समोरच आहे. बघू या की."

माणसं खिडक्यांशी गोळा झाली. खाली हिरवा संपून पिवळा लागला. काकांनी सुरुवात केली, पाठोपाठ परिचारिकेनं मनगटावरच्या घड्याळावर नजर ठेवून, मग रिक्षावाल्यानं. पुढे पोर, मागे माय, हळू ओढ. लाल. उरलेली ओळ सगळ्यांच्या तोंडात तशीच राहिली. दुसऱ्यांदाही तेच झालं.

तिसऱ्यांदा मात्र काका दिव्याकडे पाहत नव्हते. सिग्नलच्या बरोबर समोर, हाताच्या अंतरावर असावी तशी, त्यांना आपल्या घराची खिडकी दिसत होती. तिच्यावर पडदा ओढलेला होता. वर्षानुवर्षं बायकोचं मशीन त्या खिडकीत असे. पायाखाली पट्टी, ओठांवर बापाचं गाणं, समोर दिवा. पहिल्या नोटिशीच्या सुमारास तिनं मशीन आतल्या भिंतीला नेलं. ऊन डोळ्यांवर येतं म्हणाली होती. तेव्हापासून तिचं गाणंही बंद झालं होतं. लाजेनं असेल, असं त्यांना वाटलं होतं.

खिडकी उत्तरेकडे होती. त्या भिंतीवर कधी ऊन येत नसे.

"आकाशी सदरेवाले," अध्यक्षबाईंचा आवाज आला, "सिग्नल तुम्ही बघता ना? मला सेकंदांत सांगा."

साहेब काही बोलायला गेले. बाईंनी बोट वर केलं.

मेहुणा उभा राहिला. फायल छातीशी धरून त्यानं आधी भाऊजींकडे पाहिलं, मग दाराकडे.

"तीन," तो म्हणाला. "आधी चार होते."

"कुणी बदलले?"

"मी. कॅमेरे चालू केले त्या दिवशी. वरून तोंडी सांगितलं होतं."

मग जो गलका झाला त्यात कुणीतरी काकांची पाठ थोपटली. रिक्षावाल्यानं त्यांना मिठीच मारली. "काका, परवाना आलाच म्हणून समजा!" परिचारिका मात्र खिडकीशीच उभी होती, दिव्याकडे बघत. काका वाट काढत दारापर्यंत आले. बायको उठून उभी होती.

मेहुण्यानं त्यांना जिन्यात गाठलं. "भाऊजी, ऐका तरी. नोकरी नुकतीच..."

"खटक्या," काका न थांबता म्हणाले, "गाणं तुझ्या बापाचं होतं रे."

तो तिथंच कठड्याला धरून राहिला.

खाली दोघं चौकाच्या कडेला उभी राहिली. घर रस्त्यापलीकडे, पन्नास पावलांवर. गाड्या वाहत होत्या. नेहमी ती त्यांच्या डाव्या हाताला, बाहीला धरून उभी राहायची. आज मधे एक माणूस मावेल एवढी जागा होती. काकांनी चष्मा काढला, त्याच्या काड्या एकेक करून मिटल्या आणि खिशात ठेवला. चौक जसाच्या तसा, लख्ख दिसत होता.

पिवळा लागला. दोघांपैकी कुणीही गाणं म्हटलं नाही. लाल लागला, गाड्या थांबल्या, रस्ता मोकळा झाला. तरी ती हलली नाही.

"चल," काका म्हणाले.

"त्यानं मला काही सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "आणि मी त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याला सांगावं लागलं असतं."

काका समोरच्या पडद्याकडे बघत राहिले.

"पण मी मोजलं होतं, अहो," ती म्हणाली. "चष्मा करायच्या आधीच."