रोमिंग बंद

अब्बांना माती देऊन पाच दिवस झाले होते, तरी त्यांचा आवाज रोज सकाळी शारजाला जात होता. पाठवत होती रिझवाना, त्यांची थोरली लेक. महाडच्या घरात फजरची नमाज झाली की ती अब्बांचा मोबाइल उघडायची, भरून ठेवलेल्या निरोपांतला पुढचा अम्मीला पाठवायची आणि फोन पालथा घालून ठेवायची.

अम्मी, म्हणजे बिल्किस, दीड महिन्यापूर्वी शारजाला धाकट्या मुलाकडे, फुरकानकडे गेली होती. त्याच्या बायकोचा, तसनीमचा, आधी दोनदा गर्भ पडला होता. या खेपेला डॉक्टरांनी तिला खाटेवरून हलायची मनाई केली होती. घरात बाईमाणूस हवं, म्हणून अम्मी गेली. तिकडे व्हॉट्सअॅपवरून कॉल लागत नाही आणि इकडच्या नंबरावरून बोललं तर रोमिंगचे पैसे कापतात. फुरकानने अम्मीच्या फोनवरचं विमानाचं चित्र पहिल्याच दिवशी दाबून टाकलं, म्हणजे कॉल येणं-जाणंच बंद. वायफायवर आवाजी निरोप तेवढे येत-जात, फुकट.

रिझवानाला त्यात नवल नव्हतं. ती लहान असताना अब्बा कुवेतला होते. गावचा कोणी सुट्टीवर आला की त्याच्या हाती कॅसेट यायची. मोहल्ल्यातल्या बाया ओट्यावर जमायच्या, टेपरेकॉर्डर मधे ठेवायचा, आणि अब्बा सगळ्यांना नावानिशी सलाम सांगायचे. ज्या बाईचं नाव राहिलं ती पदर तोंडाला लावून उठून जायची. शेवटचा भाग मात्र अम्मी आतल्या खोलीत, दार लावून ऐकायची. पुढे अब्बा परत आले, त्यांनी टेम्पो घेतला आणि पोलादपूर, उमरठकडची भाडी मारण्यात म्हातारे झाले.

मागच्या मंगळवारी त्यांची छाती भरली. बुधवारी सकाळी ते उशीला टेकून बसले आणि म्हणाले, "तुझ्या अम्मीला कळलं तर ती पहिल्या विमानानं येईल. तिकडं पोरीचं काय होईल? आण तो फोन. आठ-दहा दिवसांचं एकदाच भरून ठेवतो, तवर बरा होईन."

रिझवानाने तिथेच शेजारच्या गॅसवर चहा ठेवला. अब्बा थांबत थांबत बोलत राहिले. पहिला निरोप त्यांनी लगेच पाठवायला लावला.

पण गुरुवारची पहाट त्यांनी पुरती पाहिली नाही. जायच्या आधी म्हणाले, "बिल्किसला लाव." रिझवानाने चार वेळा लावला. अम्मीचा फोन बंद. मग फुरकानला लावला. "तिला उठवू नको," तो म्हणाला. "तसनीम तिच्याजवळच झोपलीय. डॉक्टर म्हणालेत, धक्का बसता कामा नये. बाळ होऊ दे, मग मी सांगतो." तोवर अब्बांचे डोळे दाराकडे लागले होते.

त्या दिवशी सकाळीही तिने निरोप पाठवला. हातातून गेला खरा. एकदा गेल्यावर दुसऱ्या दिवशीचा अडवायचा कसा, हे तिला कळेना.

मंगळवारी दुपारी अब्बांचा फोन वाजला. पडद्यावर अम्मीचा नंबर.

"अम्मी? अगं, रोमिंग लागेल, ठेव, मी मेसेज…"

"लागू दे. तुझे अब्बा सात दिवस एकच चहा पितायत काय गो?"

रिझवानाने दार लोटून घेतलं.

"पयल्यात गॅस पेटला," अम्मी सांगत होती, आवाज अगदी सपाट. "दुसऱ्यात चहा उकळला. काल फुंकर मारली, आज बशीत ओतला. तसनीम झोपली म्हणून सगळे एका दमात ऐकले. कुवेतला होते तवा पण असंच केलेलं. एका बसणीत दोन कॅसेटी भरल्या, दोन्हींत तोच खोकला. मी पत्रात झापलं होतं. आणि मी त्यांच्या दुखऱ्या दाढेचं विचारतेय आठवडाभर, तर उत्तर नाय. म्हटलं, बायकोला उत्तर द्यायची सवय कुठे हाय त्यांना!"

"अम्मी…"

"आज ते विमानाचं चित्र काढलं तसे मिस्ड कॉलचे मेसेज पडले. त्यांच्या नंबरावरनं चार कॉल. गुरुवारी, पहाटेचे. तेच लावत होते?"

"मी लावत होते. त्यांनीच सांगितलं होतं."

"काल तसनीमनं माझ्या हातांना मेंदी लावली," अम्मी म्हणाली. "नवरा गेला, इद्दतीत बसायचं सोडून मी हात पुढे करून हसत होते. फुरकान समोर बसून जेवत होता. कुठे ठेवलात त्यांना? आईच्या कबरीजवळ ठेवा म्हणायचे. पोलादपूरला नेलंत ना?"

आणि फोन कापला गेला. रिझवानाने उलटा लावला, लागला नाही. अम्मीचा बॅलन्स संपला होता.

ती ओढणी डोक्यावर घेऊन एसटी स्टँडसमोरच्या प्रितमच्या मोबाइलच्या दुकानात गेली. प्रितम मयतीला आला होता. रिचार्जसाठी अम्मीचा नंबर ऐकून तो म्हणाला, "ताई, बाहेरच्या देशात हे चार मिनिटांत संपेल. वायफायवर निरोप पाठवा की. लोक पैसे वाचवायचे उपाय विचारायला येतात, तुम्ही उलटंच."

"मार तू. मोठं मार."

दुकानाच्या पायरीवर उभी राहून तिने नंबर लावला. गुरुवारी पाऊस कोसळत होता, घाईत मयत उचलली होती, आणि पोलादपूरला नेऊ या असं म्हणायचं तिला सुचलंही नव्हतं. नेलं म्हणून सांगितलं तर अम्मीला तिथून काय कळणार होतं? सात निरोप गेले, तिथे आठवा.

पहिल्याच रिंगला अम्मीने उचलला.

"महाडलाच, अम्मी," रिझवाना म्हणाली. "आजीजवळ नाय नेलं. चुकलं आमचं."

मागे तसनीम झोपेतून "कोण आहे?" असं विचारत होती.

"अम्मी, पैसे जातायत. बोल काहीतरी. नायतर ठेवू का?"

"ठेवू नको," अम्मी म्हणाली. "तू पण बोलू नको. नुसता चालू ठेव."