मिठाच्या वाफ्यातलं गवत

मिठाच्या वाफ्यात गवत उगवलं होतं.

रास्मिनी बांधावर उभी राहून ते बघत राहिली. बापा गेल्याला पस्तीस दिवस झाले होते. दहन झालं, राख समुद्रात सोडून झाली आणि सुतक फिटल्यावर आज पहिल्यांदाच ती त्यांच्या आगरात पाऊल टाकत होती. बाकी सगळं जिथल्या तिथे होतं. उलट्या टोपीसारखा बांबूचा भलामोठा गाळणा, त्याच्याशेजारी नारळाच्या खोडाच्या डोण्या, खांबाला टेकवलेली कावड आणि ताडपत्राचे दोन पोहरे. फक्त वाफ्यातली काळी माती हिरवी झाली होती.

अमेदच्या किनाऱ्यावर मिठाची माती दर साली तीच असते. तिच्यावर समुद्र शिंपायचा, उन्हात वाळवायची, पायांनी तुडवून भुगा करायचा, गाळण्यात भरायची आणि वरून पुन्हा समुद्राचं पाणी ओतायचं. खाली थेंब थेंब दाट पाणी उतरतं, ते डोणीत. निथळलेली माती परत वाफ्यात. या वाफ्यातली माती बापाच्या आजोबांनी तुडवलेली होती. असल्या मातीत गवताचं पातंही तग धरत नाही. ते तरारलं, याचा अर्थ एकच. कितीतरी महिने तिच्यावर समुद्र पडला नव्हता.

आणि झोपडीत तर यंदाच्या मिठाच्या तीन गोण्या उभ्या होत्या, बापाच्या हातच्या टाक्यांनी तोंडं शिवलेल्या.

बारा दिवसांवर पौर्णिमा होती. त्या दिवशी प्रत्येक घरानं आपलं मीठ आगरवाल्यांच्या मंडळाच्या छपरात आणायचं आणि कागदावर सही करायची, असा नेम. ज्या घराचं मीठ आलं नाही, त्याचं आगर मंडळाकडे परत जाई. सहीच्या वर एक ओळ असे. ती रास्मिनीनंच लिहिलेली होती. ती देनपसार शहरात कॉलेजात ग्रंथपाल. दोन वर्षांपूर्वी अमेदच्या मिठाला सरकारी शिक्का मिळायचा होता, तेव्हा मंडळाचे प्रमुख पान सुद्री तिला म्हणाले, "पोरी, तू शिकलेली. आपलं मीठ म्हणजे काय, ते एका ओळीत लिहून दे."

तिनं चार कोश चाळले होते. कोशात शब्दाला शब्द लागून होते, पण नेमका अर्थ काही हाती लागेना. शेवटी बापालाच विचारलं. डोणीतल्या पाण्यावरची मिठाची साय हातानं बाजूला करत ते म्हणाले होते, "सुतार पलंग बनवतो, लुह, माझ्या पोरी. भात कुणी बनवत नाही, तो पिकतो. आपण मिठाला काही करत नाही गं. आपण फक्त आड येत नाही."

मग तिनं लिहिलं: 'हे मीठ याच किनाऱ्याच्या पाण्याचं, याच मातीतून उतरलेलं, याच उन्हात पिकलेलं आहे. ते बनवलेलं नाही.'

ती घरी आली तेव्हा आई नैवेद्यासाठी केळीच्या पानांचे द्रोण टाचत होती.

"मेमे, गोण्यांत काय आहे?"

"मीठ." आईनं मान वर केली नाही.

"कुठलं?"

काडी पानातून आरपार गेली. आईनं द्रोण खाली ठेवला. "गवत दिसलं वाटतं तुला."

"दिसलं."

"मी उपटत होते गं. रोज उन्हं उतरली, किनाऱ्यावरचे लोक घराकडे वळले की जायची. पण सुतकात आगरात जाता येईना. तेवढ्यात त्यानं डोकं वर काढलं." मग एका दमात तिनं सांगून टाकलं. "मदुरा बेटावरून मिठाचे ट्रक येतात ना, त्यांच्याकडून घ्यायचे तुझे बापा. पाण्यात विरघळवायचं, फडक्यानं गाळायचं, डोणीत ओतायचं. पाच दिवसांत पांढरंशुभ्र. आपल्यापेक्षा देखणं."

"किती दिवस?"

"गेलं वर्ष आणि हे. खांदा उतरला होता त्यांचा. भरली कावड घेऊन उठले की गुडघ्यावर बसायचे."

"मग थांबायचं होतं. मला सांगायचं होतं."

"तुला?" आई पहिल्यांदाच तिच्याकडे बघत होती. "तुझीच तर भीती होती त्यांना. तुझी ती ओळ तोंडपाठ केली होती. येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना थांबवून म्हणून दाखवायचे, माझ्या मुलीनं लिहिलंय म्हणून. आता त्याच मुलीला कोणत्या तोंडानं सांगणार, की पाणी वाहवत नाही?"

रास्मिनी उंबऱ्यावर बसली. अंगणात कोंबडी पिलांना घेऊन उकरत होती.

"सही करून टाक," आई हलकेच म्हणाली. "मीठ ते मीठ. दर्याचंच आहे. इथला नाही, तिथला. बनवलेल्या वस्तूचं एवढं काय वाकडं आहे? तुझं हे लुगडं काय झाडाला लागलं होतं?"

"लुगड्याला काही वाकडं नाही, मेमे. पण लुगडं झाडाला लागलंय असं मी लिहून दिलेलं नाही."

"मग आगर जाऊ दे."

"बारा दिवस आहेत."

आईला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिला हसू फुटलं. पस्तीस दिवसांत पहिल्यांदा. "पुस्तकं उचलणारे खांदे तुझे!"

दुसऱ्या दिवशी रास्मिनीनं गवत उपटलं. मुळं खोल गेली होती. मग कावड खांद्यावर घेतली. बापाची राख ज्या खडकापाशी सोडली होती, तिथेच पाणी भरायला सगळ्यांत सोयीचं. ती मात्र वीस पावलं वळसा घालून पुढे गेली आणि तिथल्या दगडांवर दोनदा घसरली.

शेजारच्या आगरातली मेन कारी बांधावर हात कमरेवर ठेवून उभी होती. "अगं ए ग्रंथपालबाई! पाणी शिंपायचं असतं. देवाला अर्घ्य देत्येस का थेंब थेंब?"

"मग दाखवा ना."

"दाखवते तर! मनगट फिरव. पोहऱ्यातून पाणी पंख्यासारखं उडालं पाहिजे. असं. तुझा बापा असा उडवायचा की मधे इंद्रधनुष्य दिसायचं मेलं." बोलता बोलता ती थांबली. वाफ्याच्या कडेला उपटलेल्या गवताचा ढीग होता. "दोन वर्षं वाटत होतं, जावं आणि तुझ्या आईबरोबर चार मुठी उपटाव्यात."

रास्मिनीनं पोहरा खाली ठेवला. "तुम्हाला माहीत होतं?"

"बाई, मिठाच्या वाफ्यात हिरवं दिसलं तर इथल्या आंधळ्यालाही कळतं. पण मदत केली असती, तर आम्ही पाहिलंय हे त्यांना कळलं असतं."

चार दिवस माती शिंपली, वाळवली. तळपायांना चिरा पडल्या आणि त्यांत मीठ गेलं. पाचव्या दिवशी तुडवून गाळण्यात भरली. खाली पाणी उतरायला लागलं, पण बी टाकली तर ती सरळ तळाला गेली. पाणी पिकलं की वाळकी बी तरंगते. ही दगडासारखी बुडाली.

"माती उपाशी आहे," आई म्हणाली. "एका पाण्यानं तिचं काय होणार?"

माती पुन्हा वाफ्यात पसरली, पुन्हा शिंपली. आठव्या दिवशी बी मधेच अडकून राहिली, ना वर ना खाली. पौर्णिमा चार दिवसांवर आलेली. डोणीत ओतायचं तर आजच.

आई झोपडीच्या दारात उभी होती. "एक ओंजळ टाकलीस ना त्यात, तर बी उडी मारून वर येईल. एकच ओंजळ."

रास्मिनी गोणीपाशी गेली. बापाचा टाका नेहमीचाच होता, दुहेरी, शेवटी उलटी गाठ. हीच गाठ ते तिच्या शाळेच्या दप्तराला घालून देत. ती नखानं उकलायला गेली आणि तशीच थांबली. मग बाहेर येऊन तिनं ते अर्धंकच्चं पाणी दोन डोण्यांत ओतलं आणि शेजारी बसून राहिली. ढग आले, गेले. काही करायचं नव्हतं. बापा दिवसचे दिवस काय करत बसत, हा प्रश्न तिला लहानपणी नेहमी पडायचा.

पौर्णिमेला मंडळाच्या छपरात टोपल्यांची रांग लागली. रास्मिनीची टोपली सगळ्यांत लहान, तळाला जेमतेम दोन किलो. पान सुद्रींनी चिमूट जिभेवर ठेवली. त्यांचं तोंड वाकडं झालं.

"कडू आहे."

"हो."

"रंगही मळका."

"हो."

त्यांनी दुसरी चिमूट घेतली आणि डोळे मिटून बराच वेळ चघळली. "माती लागते आहे शेवटाला. तुझ्या बापाच्या, सुकादच्या वाफ्यातली." डोळे उघडले तेव्हा ते तिच्याकडे बघत नव्हते. "वाईट पिकलंय. पण पिकलंय. घे, सही कर."

तिनं लेखणी घेतली नाही. "घरी तीन गोण्या आहेत. बापाच्या. त्यांच्यासाठी मी ही सही करत नाही. त्या..."

"माझ्याकडे पाठवून दे. गेल्या सालच्या चार माझ्याकडेच आहेत. एकीवरही शिक्का मारला नाही मी. मासे खारवतो त्यात. मासे थोडेच विचारतात, कुठलं मीठ म्हणून."

"गेल्या वर्षीच? तुम्हाला कसं कळलं?"

"चाळीस वर्षं त्याचं मीठ खाल्लंय, पोरी."

"मग त्यांना बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं?" म्हाताऱ्यानं टोपलीतले सांडलेले खडे बोटानं गोळा केले. "रोज पहाटे येऊन तो आपल्या डोण्यांपाशी बसायचा. बसू दिलं त्याला."

रास्मिनीनं सही केली. आपली ओळ तिनं वाचली नाही.

आगरात परतली तेव्हा आईनं गाळण्यातली माती काढून वाफ्यात पसरायला घेतली होती. पाऊस लागायला अजून पंधरा दिवस होते, मिठाचं आणखी एक पाणी होण्यासारखं होतं. रास्मिनीनं कावड उचलली. या खेपेला ती वळसा घालून गेली नाही. खडकापाशी गुडघाभर पाण्यात उतरली, थोडा वेळ उभी राहिली आणि मग दोन्ही पोहरे तिथेच भरून घेतले.