दाराबाहेरची चार मिनिटं

अंतराळात रडलं तर अश्रू गालावरून ओघळत नाहीत. ते डोळ्यालाच चिकटून राहतात आणि रडणं थांबलं नाही तर तिथेच पाण्याचा गोळा फुगत जातो. हे कळल्यावर मी माझ्या कादंबरीतलं सगळं रडणं पुन्हा तपासलं. तीन ठिकाणी अश्रू ओघळले होते. तिन्ही खोडले.

माझं असंच आहे. अवकाशकथा खरी वाटली की बाकीच्यांचं भागतं, माझं भागत नाही. यानातला पंखा बंद पडला तर आपणच सोडलेला श्वास आपल्या तोंडाभोवती साचून राहतो, असं वाचलं तेव्हा मी घरातले सगळे पंखे बंद करून तासभर बसले होते. खालच्या खोलीतून आई ओरडली, "वीज गेली का गं?" बाबा म्हणाले, "वीज नाही गेली, भुणभुण अंतराळात गेलीय." भुणभुण म्हणजे मी. लहानपणी एकेक प्रश्न घेऊन त्यांच्या कानाशी लागायचे, तेव्हापासूनचं नाव.

म्हणून प्रकाशकाने हस्तलिखितातलं शास्त्र तपासायला एक निवृत्त इंजिनिअर बाई नेमल्या तेव्हा मी निर्धास्त होते. त्यांना मी मनातल्या मनात चिमटाबाई म्हणते, कारण त्या समासात एकदोनच ओळी लिहितात आणि त्या बरोब्बर लागतात. माझा एक अंतराळवीर कोसळला होता, तिथे त्यांनी लिहिलं, "कुठे कोसळणार?" ते मी निमूट मान्य केलं. पण एकोणिसाव्या प्रकरणाच्या समासात लिहिलं होतं, "कप्प्यात नायट्रोजन भरलाय. दुसऱ्या-तिसऱ्या श्वासाला माणसाची शुद्ध जाते. तुमचा माणूस चार मिनिटं बोलतोय. कसा?"

एकोणिसावं प्रकरण म्हणजे कादंबरीचा जीव. गळका वॉल्व्ह बंद करायला तरुण तंत्रज्ञ कप्प्यात शिरतो आणि अडकतो. दाराबाहेर कप्तान असतो. नियमाने त्याने आत जायचं नसतं. आतला त्याच्याशी चार मिनिटं बोलतो आणि शेवटी म्हणतो, "तुम्ही आत येऊ नका. बाहेरच थांबा."

हे वाक्य मी रचलेलं नव्हतं. ते माझ्या दादाचं होतं.

दादा आणि बाबा एकाच कारखान्यात होते, खाद्यतेलाच्या. तेल खवट होऊ नये म्हणून टाकीतल्या मोकळ्या जागेत तिथे नायट्रोजन भरतात. रिकामी टाकी साफ करायची तर आधी तो काढून साधी हवा भरायची, मग एकाने आत उतरायचं आणि एकाने टाकीच्या तोंडाशी बसायचं. तोंडाशी बसणाऱ्याला एकच नियम: आतल्याला काहीही होवो, आपण उतरायचं नाही, मदत बोलवायची. कारण असल्या टाकीत एकाला वाचवायला दुसरा उतरतो आणि दुसऱ्याला वाचवायला तिसरा. बावीस वर्षांपूर्वी दादा उतरला. टाकीत ताजी हवा भरलीय असं कागदावर होतं, पण नायट्रोजनचा एक वॉल्व्ह नीट बंद झालेला नव्हता. तोंडाशी बाबा होते.

बाप बाहेर उभा राहिला, असं लोक बोलले. नात्यातलेच जास्त बोलले. आईने मात्र बाबांना कधी एका शब्दाने दुखवलं नाही, कारण बाबांनी घरी येऊन तिला सांगितलं होतं की तो आतून म्हणाला, "बाबा, तुम्ही आत येऊ नका. बाहेरच थांबा." त्या वाक्यावर आमचं घर उभं राहिलं. आई ते आल्यागेल्याला सांगायची, आणि माझ्या पुस्तकाची वाट ती त्या वाक्यासाठीच बघत होती. तिच्या डोळ्यांना आता छापलेलं दिसत नाही, चेहरेही पुसट झालेत. बाबा रोज दुपारी तिला वाचून दाखवतात, आणि हेही तेच दाखवणार होते.

चिमटाबाईंची ओळ वाचून मी आधी चिडले. बाईंना काय कळतंय, म्हणाले. मग माझा पाय घरात ठरेना. ओळखीच्या भूल देणाऱ्या डॉक्टरांना फोन केला. पाणबुड्यांना शिकवणाऱ्या एका गृहस्थांचं डोकं खाल्लं. तेवढ्याने समाधान होईना म्हणून अग्निशमन दलाच्या प्रशिक्षकांना जाऊन गाठलं. मी दीड मिनिट श्वास रोखू शकते, असंही त्यांना ठसक्यात सांगितलं. ते हसले.

"रोखलात तर छातीतला प्राणवायू तुमच्याजवळच राहतो. नायट्रोजन आत ओढलात तर तो असलेलाही धुऊन नेतो. आणि गुदमरल्यासारखं वाटतच नाही, म्हणून तर माणूस घाबरून बाहेर पळत नाही. आत्ता पायरीवर आहे, आत्ता खाली."

"एखादं वाक्यसुद्धा बोलत नाही?"

"काय बोलणार? त्याला स्वतःलाच कळलेलं नसतं काय झालं ते." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "बाई, हे पुस्तकासाठीच आहे ना?"

पुस्तकाचंच म्हणाल तर उपाय पाच मिनिटांचा होता. नायट्रोजनच्या जागी कार्बन डायऑक्साइड हळूहळू साचतोय असं केलं की माझा तंत्रज्ञ डोकं धरून का होईना, चार मिनिटं सहज बोलला असता. चिमटाबाईंचं समाधान झालं असतं आणि आईला तिचं वाक्य मिळालं असतं. मी तसं लिहूनही पाहिलं. मग उठले, जिना उतरले, अर्ध्यातून परत वर गेले. चार दिवस माझं हेच चाललं होतं. जेवताना बाबांच्या तोंडाकडे बघवेना. बाबा खोटं बोलले होते, आणि ते मीच, अचूकपणाचा टेंभा मिरवत, दारोदार फिरून शाबीत करून आले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. ज्याने सगळं डोळ्यांनी पाहिलं, त्यालाच तेवढं विचारलं नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी आई आंघोळीला गेली तेव्हा विचारलं. बाबा टेबलफॅन उघडून पाती पुसत बसले होते.

"बाबा, पुस्तक तपासणाऱ्या बाई म्हणतात, नायट्रोजनात माणूस बोलत नाही."

"बाईंना कळतंय की," बाबा म्हणाले.

"मग दादा?"

बाबा तेच पातं पुन्हा पुसत राहिले.

"नाही बोलला," ते म्हणाले. "शिडीच्या खालच्या पायरीवर नुसता बसला, दमल्यासारखा. मला वाटलं, बूट बघतोय. मग कलंडला. त्याच्या कमरेला बांधलेला दोर ओढला तर तो पायरीत अडकला. तसाच ओढत बसलो. पाठीवर सिलिंडर घेतलेली माणसं येईपर्यंत अकरा मिनिटं झाली."

माझा आवाज चढला. चढायला नको होता, पण माझा राग नेहमी माझ्या आधी पोचतो. "मग ते वाक्य आणलंत कुठून? बावीस वर्षं आई त्याच्यावर जगतेय!"

"हळू बोल. वाक्य त्याचंच आहे." त्यांनी फडका खाली ठेवला. "आदल्या सोमवारी सराव होता. आमच्या पाळीचा तोच घ्यायचा. मला पुढे उभं केलं, सगळ्यांदेखत. म्हणाला, 'हे आमचे बाबा. उद्या मी आत पडलो की हे धावत येणार, आणि मग तुम्हाला दोघांना काढावं लागणार. बाबा, तुम्ही आत येऊ नका. बाहेरच थांबा. काय करायचं? म्हणा.' तीन वेळा म्हणवून घेतलं गं माझ्याकडून, पाढे म्हणवून घेतात तसं. सगळे हसले. मीही हसलो."

मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"मी फक्त वार बदलला," बाबा म्हणाले. "घरी आलो तर तुझी आई दारातच उभी. तिने एकच विचारलं, काही म्हणाला का? आता तिला सोमवारचं सांगत बसू?"

"मग मी काय लिहू?"

"जगाला विचारून आलीस ना? मग खरं तेच लिही." ते परत पंख्याकडे वळले. "फक्त तिला वाचून मी दाखवणार. तू मध्ये पडू नकोस."

मी एकोणिसावं प्रकरण नव्याने लिहिलं. वाक्य उचलून सहाव्या प्रकरणात नेलं, सरावात, हशासकट. एकोणिसाव्यात कप्तान हाका मारतो आणि आतून काही येत नाही. चिमटाबाईंनी समासात फक्त बरोबरची खूण केली. एरवी मी नाचले असते. आता भीती वाटली. बाबा वाचताना काय करतील याचा मला भरवसा नव्हता. पानावर नसलेलं वाक्य त्यांनी तिथे वाचलं असतं तर आईला कधीच कळलं नसतं. इतकी वर्षं निभावून नेलं होतं, आणखी एकदा काय अवघड.

पुस्तक छापून आलं. रोज दुपारी एकदोन प्रकरणं व्हायची. सहावं झालं त्या दिवशी आईने वाचन थांबवलं. "अहो, हे वाक्य इथे कसं आलं? ते तर शेवटी हवं ना?"

"ऐक तर पुढे," बाबा म्हणाले, आणि पुढे वाचू लागले.

एकोणिसाव्याच्या दिवशी मला वर बसवेना. खाली येऊन स्वयंपाकघरातलं कपाट आवरायला घेतलं. कपबश्या एकदा डावीकडे लावल्या, एकदा उजवीकडे. भिंतीपलीकडून बाबांचा आवाज येत होता. तंत्रज्ञ कप्प्यात शिरला. त्याचे हातपाय सैल पडले. कप्तानाने हाक मारली. इथे बाबा थांबले. मी हातात बशी धरून उभी राहिले. मला एकदम वाटलं, म्हणा बाबा, ते वाक्य म्हणा, खड्ड्यात गेलं माझं पुस्तक.

"'आतून काहीच आलं नाही,'" बाबांनी वाचलं. "'कप्तानाने परत हाक मारली. आतून काहीच आलं नाही.'"

पुढचं त्यांनी वाचलं नाही. आईनेही वाचा म्हटलं नाही.

"असं झालं होतं?" आईने विचारलं.

"हो."

"काहीच म्हणाला नाही तो?"

"त्या दिवशी नाही. आदल्या सोमवारी म्हणाला होता, हसत. पुस्तकात आहे तसं."

आता ती ओरडेल, असं मला वाटलं. बावीस वर्षांत जे बोलली नाही ते सगळं आता बोलेल. आणि ते माझ्यामुळे, माझ्या भुणभुणीमुळे. मी बशी ठेवली आणि दारात गेले.

"म्हणजे थांबायचं तुम्ही एकट्याने ठरवलंत," आई म्हणाली. "मला वाटायचं, तो होता सोबतीला." मग तिने विचारलं, "किती वेळ?"

"अकरा मिनिटं," बाबा म्हणाले, आणि पुस्तक तसंच मांडीवर उघडं ठेवून रडायला लागले.

आई हाताने चाचपत त्यांचा चेहरा शोधत होती. गाल सापडल्यावर तिने तो तळव्याने पुसला, दुसराही पुसला, आणि म्हणाली, "मला सांगायचं नाही का हो?"