दोन्ही भिंगांतला डाग

आमच्या ह्यांना कॅमेऱ्याचं असं वेड, की मी तापानं फणफणले तरी चालेल, कॅमेऱ्याला शिंक येता कामा नये. भिलाईच्या पोलाद प्लांटमधला एक रशियन साहेब मायदेशी परत निघाला तेव्हा सामान विकत होता. त्याच्याकडून ह्यांनी हा कॅमेरा घेतला, दोन भिंगांसकट. तेव्हापासून हुडको वसाहत असो की कोहका वस्ती, आपल्या विदर्भाकडच्या माणसांत कुणाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा असला की फोटोला आमचे हे, तेजरामच. जेवून यायचं, फोटो फुकट द्यायचे, आणि घरी येऊन माझ्यासमोर ऐट करायची.

त्या हिवाळ्यात मात्र फोटो बिघडायला लागले. कुणाचा चेहरा पुसट, कुठं नवरी अर्धी कापलेली. लोक भिडेपोटी गप्प बसले. हे भिंगावर घसरले. "प्लांटची धूळ हाय. आत जाऊन बसली," म्हणाले. भिलाईत कशाचंही खापर धुळीवर फोडता येतं. पापड तांबडे झाले, धूळ. खोकला जात नाही, धूळ. सासू-सुनेचं पटत नाही, तेही बहुतेक धुळीमुळंच. म्हणून मीही मान डोलावली.

सेकंड शिफ्ट असली की ह्यांची सकाळ मोकळी. मग खाटेवर जुनं धोतर अंथरायचं, पंखा बंद, आणि मला झाडू हातात घ्यायची बंदी. आधी रबरी पिचकारीनं भिंगावर हवा मारायची. मग मऊ ब्रशानं कण उडवायचे. मग मलमलच्या चिंधीवर स्पिरिटचा थेंब घेऊन मधून कडेला गोल गोल पुसायचं. इतक्या मायेनं ह्यांनी आमच्या पोरांची नाकंही कधी पुसली नाहीत.

त्या दिवशी मोठं भिंग पुसून झालं. ह्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि म्हणाले, "अजून हाय. उजव्या अंगाले धुकट दिसून राहिलं." पुन्हा पुसलं. पुन्हा तेच. मग ते भिंग काढून लहान भिंग लावलं.

"याच्यातबी हाय! तिथंच!"

"दोन्ही भिंगायले एकाच जागी डाग कसा पडंल?" मी विचारलं.

"तुले काय समजते त्यातलं?"

"मले दाखवा तं खरं."

मी कॅमेरा डोळ्याला लावला. अंगणातला पेरू, दोरीवरची चादर, कुंपणाची तार, सगळं लख्ख. पानावरची अळीसुद्धा दिसत होती. मी म्हणाले, "कुठं हाय डाग? साफ तं हाय." ह्यांनी कॅमेरा हिसकावला आणि नेहमीसारखा उजव्या डोळ्याला लावला.

"डाव्या डोळ्यानं पाहा," मी म्हणाले. कशी बोलून गेले कोण जाणे.

ह्यांनी डोळा बदलला. पुन्हा उजव्याला लावला, पुन्हा डाव्याला. मग कॅमेरा हळूच धोतरावर ठेवला. मला एकदम क्रेन आठवली.

प्लांटमध्ये हे क्रेन चालवायचे. वितळलेल्या पोलादाची घराएवढी बादली उचलून शेडच्या या टोकाहून त्या टोकाला न्यायची, आणि खाली माणसं काम करत असायची. खाली हातवारे करून ह्यांना इशारा देणारा माझाच धाकटा भाऊ, शालिकराम.

"आज जाऊ नका," मी म्हणाले. "डाक्टरले डोळा दाखवा."

"दाखवला की क्रेनवरून उतरवतीन. मंग काय करू, स्टोअरमधी बोल्ट मोजत बसू?" ते उठले, कपडे चढवायला लागले. "हात बसला हाय माहा. डोळे बांधूनबी चालवतो."

बोलणं असं, आणि शर्टाची बटणं मात्र एक घर सोडून लावलेली. मला रडू आलं आणि रागही आला. हा माणूस आपला मान वाचवायला माझ्या भावाच्या डोक्यावर आग फिरवणार होता.

शालिकराम रोजच्यासारखा सायकल घेऊन ह्यांना न्यायला आला. हे मोरीत तोंड धूत होते. मी त्याला कुंपणापाशी ओढलं आणि घाईघाईनं सांगितलं, "भाऊजीले उजव्या डोळ्यानं दिसत नाही. त्यायच्या खाली उभा राहू नको."

मला वाटलं तो हसेल, नाहीतर घाबरेल. त्यानं यातलं काहीच केलं नाही.

"माहीत हाय बाई," तो म्हणाला. "मागं एकदा बादली माह्या टोपीवरून गेली. तवाच समजलं."

"आन् तू गप्प बसला? कावून?"

"त्यायनंच तं मले कामाले लावलं. त्यायले कसा उतरवू?" त्यानं मोरीकडं पाहिलं. "तू भेव नको. मी आता डाव्या अंगालेच उभा राहतो. तिकडून त्यायले बराबर दिसते."

खरं सांगते, माझा जीव एकदम भांड्यात पडला. आणि लगेच दुसरा प्रश्न तोंडात आला.

"उजव्या अंगाले कोण असते?"

शालिकराम सायकलची घंटी उगीच अंगठ्यानं फिरवत राहिला. मग खाली बघत म्हणाला, "धोंडबा."

धोंडबा आमच्या समोरच्याच रांगेत राहायचा. त्याची बायको मैनाबाई, तिसऱ्यांदा पोटुशी.

"त्याले सांगतलं?"

"सांगतलं तं तो फोरमनले सांगंल ना, बाई."

हे पुसलेल्या तोंडानं बाहेर आले. माझ्याकडं न बघता आपल्या सायकलवर बसले. दोघं बरोबर निघाले, शालिकराम डाव्या बाजूनं.

मी दारात उभी राहिले. नवऱ्याची नोकरी, भावाचं बोलणं, सगळं डोक्यात घुमत होतं. पण मैनाबाईचं पोट काही डोळ्यांसमोरून हलेना. शेवटी पदर खोचला, रस्ता ओलांडला आणि तिची कडी वाजवली.

दार उघडायला तिला वेळ लागला. कमरेवर हात ठेवून ती हसली.

"मैनाबाई, धोंडबा हायेत का घरी?"

"नाई वो बाई, ते तं केव्हाचेच गेले ड्युटीवर," ती म्हणाली. "या ना, बसा. चहा मांडते."