उचलण्याआधीचा ‘हं’

बारक्या चौऱ्याऐंशी किलोचा होता. हे नाव थोरल्या बहिणीनं तो रांगत असताना ठेवलेलं, आणि वजन वाढलं म्हणून काही ते बदललं नाही. दोघं भावंडं मिळून लोकांची घरं हलवायची. जिन्यावर कपाटाचं वरचं टोक ताईकडे, खालचं याच्याकडे. संध्याकाळी तो जिमच्या मॅटवर ठोसे आणि कुस्ती दोन्ही चालणाऱ्या लढतींचा सराव करायचा, आणि तिथं मात्र त्याचं घोडं अडलं होतं.

“ठोसे तुझे चांगले आहेत,” सर म्हणाले होते. “पण समोरच्याला खाली पाडता येत नाही तोवर तुला पिंजऱ्यातल्या लढतीला पाठवणार नाही. शनिवारी खांबाला एकदा तरी पाडून दाखव. नाहीतर तुझ्या जागी दुसरा जाईल.” बारक्याला तेहतिसावं लागलं होतं. पुढच्या वर्षी सर त्याला विचारणारही नव्हते.

खांब म्हणजे जिममधला सगळ्यांत उंच गडी. पेशानं सुतार, स्वभावानं गरीब गाय. बारक्या रोज त्याच्याशी शंभरदा टेकडाऊन, म्हणजे पाय धरून पाडायचा डाव, करून बघायचा. गुडघा टेकवून आत शिरायचं, मान वर, पाठ ताठ, दोन्ही हात त्याच्या गुडघ्यांमागे. सरांना चूक म्हणून सापडत नव्हती. तरी हा शिरायच्या आतच खांबाचे पाय मागे गेलेले असत आणि त्याची छाती बारक्याच्या मानेवर.

“तुला आधी कळतं कसं रे?”

“काय माहीत. कळतं खरं,” खांब म्हणाला. बिचारा खोटं बोलत नव्हता.

सोमवारी ताई त्याला न्यायला आली आणि बाकावर टेकली. पाच मिनिटांत तिच्या लक्षात आलं की बारक्या शिरला की आपलेच खांदे वर जातायत.

“अरे गाढवा,” ती सगळ्यांदेखत ओरडली, “तू त्याला सांगून शिरतोयस!”

बारा वर्षं प्रत्येक ओझ्याआधी बारक्या बारीकसा ‘हं’ करत आला होता, दोघांनी एकदम उचलावं म्हणून. मॅटवरही तेच चाललं होतं. सरांना तो नुसता श्वास वाटायचा. खांबाच्या डोक्याला पत्ता नव्हता, पण पायांना होता.

बारक्यानं तोंड शिवून घेतलं. सवय मोडायची तर पुरती मोडावी, म्हणून कामावरही. गुरुवारी त्यानं वॉशिंग मशीन मुकाट्यानं उचललं. ताईचं टोक खालीच राहिलं, मशीन कलंडलं आणि तिची बोटं भिंतीशी चेंगरली.

ती ओरडली नाही, त्याचंच त्याला जास्त लागलं. बोटं गार पाण्यात बुडवून ती म्हणाली, “तुझ्या त्या पिंजऱ्याला मी कधी आडवी आले नाही. पण इथं ‘हं’ केल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. समजलं?”

“समजलं,” बारक्या म्हणाला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आता ‘हं’ काही सुटणार नव्हता, आणि शनिवार परवावर आला होता.

शुक्रवारी एक हलकं टेबल होतं. त्यानं ‘हं’ केला आणि नेमकी त्याची पकड सुटली. ताईचं टोक एकटंच वर गेलं, ती मागे झोकांडली.

“उचल की रे! झोपलास का?”

बारक्या जागच्या जागी उभा राहून तिच्या पायांकडे बघत होता.

शनिवारी ताई पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बाकावर बसली. बारक्या वाकला.

“हं.”

खांबाचे पाय मागे गेले, छाती खाली आली, आणि खाली कुणीच नव्हतं. बारक्या तसूभरही हलला नव्हता. खांब मॅटवर हात टेकून, गोंधळून वर उठायला लागला, तेव्हा बारक्या शिरला. मुकाट्यानं. दोन्ही गुडघे मिठीत घेतले, खांदा पोटात रोवला आणि तो थांबलाच नाही, पावलं टाकतच राहिला. खांब पाठीवर आपटला, तेव्हा अख्खी जिम ओरडली.

“नाव पक्कं,” सर म्हणाले. बारक्याला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही. ताई मात्र आपल्या पट्टीच्या हाताकडे बघत होती.

आठवड्यानं तिची पट्टी सुटली. पहिलंच काम तिसऱ्या मजल्यावरचं लोखंडी कपाट. ताई वर, बारक्या खाली.

“हं,” तो म्हणाला.

ताई हलली नाही. कपाटावरून त्याच्याकडे बघत राहिली. “हा खरा, का खांबाला फसवायला केलास तसला?”

बारक्याचं हसू विरलं. “तुझ्याशी खोटा केला तर जीभ झडेल माझी.”

तिनं बोटं कपाटाखाली नीट सरकवली. “मग पुन्हा कर.”

“हं.”

दोन्ही टोकं एकदम उचलली गेली.