काचेच्या शेजारचं कौल

मित्रांनो, घराला छप्पर असतं हे तुम्हाला ठाऊक आहे. पण छपरालाही मन असतं, हे कुणी सांगितलंय का तुम्हाला? मी मातीचं कौल आहे. वय झालंय, अंगावर शेवाळाचे डाग पडलेत, एक कान तुटलाय. माझी गोष्ट सांगायला बसलोय खरा, पण आधीच कबूल करतो, ती छाती पुढे काढून सांगण्यासारखी नाही. भट्टीत मी एकदाच भाजलो. पुढे नऊ वर्षं मात्र शेजारणीवर जळत राहिलो.

माझा जन्म तळ्याच्या गाळातला. तिथली चिकणमाती गाड्या भरभरून कारखान्यात आणत. ती भिजवायची, खडे वेचायचे, मळून मळून लोण्यासारखी करायची आणि मग साच्यात घालून दाबायची. साच्यातून बाहेर पडलो तेव्हा मला आकार आला होता. कडेला खाचा, म्हणजे शेजारच्या कौलात घट्ट अडकता यावं. आणि पोटाशी दोन छोटे उंचवटे. त्यांना आम्ही कान म्हणतो. छपराला आडव्या लाकडी पट्ट्या ठोकलेल्या असतात, त्यांना रिपा म्हणतात. त्या रिपेत कान अडकवून आम्ही उतारावर बसतो. कान धड असले की वादळसुद्धा कौलाचं काही वाकडं करू शकत नाही.

सावलीत सुकलो, भट्टीत भाजलो आणि एका मिस्त्रीच्या हाती लागलो. हा मिस्त्री आपल्या थोरल्या भावाचं घर शाकारत होता. त्याची एक सवय होती. प्रत्येक कौल डाव्या हातावर तोलायचा आणि उजव्या हाताच्या बोटाच्या पेराने त्यावर टकटक करायचा. चांगलं भाजलेलं कौल खणखणीत वाजतं. चिरलेलं असेल तर बद्द आवाज येतो, आणि ते सरळ खाली फेकलं जातं. मला वाजवलं आणि तो थबकलाच.

"वहिनी, ऐका जरा! हे कौल आहे की घंटा? मी मरेन, पण हे मरायचं नाही."

खाली अंगणात त्याची वहिनी उभी होती. ती हसून म्हणाली, "मग तुम्हाला टाकून त्यालाच मिस्त्री करू या का?"

मित्रांनो, त्या एका कौतुकावर मी कित्येक वर्षं काढली. कुणी माझ्याकडे बघो न बघो, मी घंटा होतो. ज्या खोलीवर मला बसवलं ती खोली वहिनीची, म्हणजे साऱ्या गल्लीच्या काकूची. काका मालगाडीवर गार्ड होते, महिन्यातले वीस दिवस बाहेरच. काकू रफूचं काम करायची. उंदरानं कुरतडलेली शाल असो, खिळ्याला अडकून फाटलेली पँट असो, त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून नाहीतर आपल्या डब्यातून जुळता धागा काढून काकू ते भोक असं विणून टाकी, की गिऱ्हाईक कापड उलटंसुलटं करून विचारी, "अहो, पण फाटलं होतं कुठे?" हा प्रश्न ऐकायला काकूला फार आवडायचं.

पण रफूला उजेड लागतो, आणि तोही दिवसाचा. बल्ब फसवतो. बल्बखाली गडद निळा आणि काळा सख्खे भाऊ दिसतात. म्हणून काकू उंबऱ्यात बसून काम करी. रस्त्यावरची धूळ कापडावर बसे आणि येणारा-जाणारा पंचनामा करी, तो वेगळाच. मिस्त्रीला हे बघवेना. एके दिवशी त्यानं शिडी लावली, माझ्या उजवीकडचं कौल उचललं आणि तिथे काचेचं कौल बसवलं.

झालं! त्या दिवसापासून माझ्या सुखाला दृष्ट लागली.

"बघा वहिनी, सूर्यच आणून बसवला तुमच्या डोक्यावर!"

"बसवलात, पण डोक्यातच पडला म्हणजे?"

"पडला तर दुसरा आणतो. गोदामात ढीग पडलाय सूर्यांचा!"

काकूनं आपलं बसकूर खोलीच्या मध्ये ओढलं. उजेडाचा चौकोन बरोबर तिच्या मांडीवर पडला. ती वर बघून म्हणाली, "अगं बाई, किती गोड!" वर बघून, म्हणजे काचेकडे बघून. मी त्या काचेच्या खांद्याला खांदा लावून बसलो होतो, पण मी काही कुणाला दिसलो नाही.

मी तिचं नाव काचबाई ठेवलं. आता तुम्हीच सांगा, ती करत काय होती? ऊन मी खात होतो, पाऊस मी झेलत होतो, मांजरांच्या मारामाऱ्या माझ्या पाठीवर होत होत्या. आणि बाईसाहेब नुसत्या आरपार! जे आपल्यातून जाईल ते जाऊ द्यायचं, याला काय काम म्हणायचं? तरीही गरीब असो की श्रीमंत, जो खोलीत येई तो मान वर करून म्हणे, "वा, काय उजेड आहे!" मिस्त्रीसुद्धा वर्षातून एकदा कौलं चाळायला, म्हणजे सरकलेली नीट बसवायला येई, तेव्हा आधी खिशातून फडकं काढून तिला पुसायचा. माझ्यावर पाय देऊन पुसायचा, हे विशेष.

नऊ वर्षं मी हे गिळलं. मग एका वादळात झाडाची फांदी माझ्यावर आदळली आणि माझा एक कान तुटला. दुसरा शाबूत होता. एका कानावर मी अजून दहा वर्षं सहज बसलो असतो. पण मनात पाप आलं. दुसऱ्या दिवशी जोराचा वारा सुटला, पाऊस लागला आणि मी धरून बसायच्या ऐवजी अंग सैल सोडलं. बोटभर डावीकडे सरकलो. आमच्या दोघांमधली खाच उघडी पडली, पाणी आत शिरलं आणि काचबाईच्या पोटावरून ओघळत खालच्या कोपऱ्याला थेंब होऊन लोंबकळलं. खालून बघणाऱ्याला वाटावं, काचच गळतेय.

थेंब टपटप काकूच्या धाग्यांच्या डब्यात पडले. लाल रंग पांढऱ्यात उतरला. निरोप गेला तसा मिस्त्री धावत आला.

"भावोजी, तुमचा सूर्य रडतोय हो," काकू म्हणाली.

मिस्त्रीचा चेहरा उतरला. काच त्यानं हौसेनं बसवली होती, तेव्हा चूक आपलीच, हे त्यानं मनाशी ठरवूनच टाकलं. वर चढल्यावर आजूबाजूची सगळी कौलं त्यानं वाजवून बघितली. माझ्यापाशी आला, हात उचलला आणि पुन्हा खाली घेतला. "ही तर आपली घंटा. हिला काय धाड भरलीय!" असं म्हणून त्यानं मला तळव्यानं ढकलून जागेवर बसवलं. काचबाईला उचकटून काढलं आणि तिच्या जागी मातीचं कौल ठोकून घट्ट बसवलं. त्या नव्या शेजाऱ्याच्या रेट्यात मीही आवळला गेलो आणि गळती थांबली. काचच वाईट होती, याबद्दल कुणाला शंका उरली नाही. काचबाई गोणपाटात गुंडाळून खाटेखाली गेली.

मी जिंकलो होतो, मित्रांनो! आता लोक वर बघतील, तेव्हा मीच दिसेन, असं मला वाटलं. पण अंधारात वर बघतं कोण? आधी निदान तिच्याकडे बघताना नजर माझ्या दिशेला तरी यायची. तीही बंद झाली.

त्याच आठवड्यात शाळेचे हेडमास्तर एक कोट घेऊन आले. गडद निळा, लोकरी. त्यांच्या वडिलांचा होता. शाळेतल्या आपल्या निरोपाच्या दिवशी तो घालायचा, असं त्यांच्या मनात होतं आणि नेमकं त्याच्या छातीवर गरम इस्त्री राहून रुपयाएवढं जळलं होतं. बाहेर पाऊस, आभाळ काळंभोर, दार जरासं उघडलं तरी पाणी आत. काकूनं बल्बखाली धागा निवडला. तीस वर्षांचा हात, तिला वाटलं, रंग चुकतो कशाला!

तीन दिवसांनी ऊन पडलं आणि हेडमास्तर परत आले. बिचारे फार संकोचले होते. "काकू, राग मानू नका. रस्त्यावर बघितलं तर, म्हणजे, जरा दिसतंय हो."

काकूनं कोट दारात नेला. निळ्या छातीवर रुपयाएवढा काळा डाग. तिनं त्यावर बोट टेकवलं.

"काळा धागा घातला मी. काळा!"

"असू द्या हो. आठ दिवस आहेत अजून. सावकाश करा."

हेडमास्तर गेले. काकूनं काळा धागा उसवला, कोट खुंटीला अडकवला आणि हात लावला नाही. दोष बल्बचा होता, पण हल्ली सुईत दोरा ओवताना ती एक-दोनदा चुकायची, त्याची धास्ती तिच्या मनात होतीच. संध्याकाळी मिस्त्री आला तेव्हा ती म्हणाली, "भावोजी, आता बस्स झालं. डोळे गेले माझे. निळं-काळं ओळखू येईना, तर लोकांचे कपडे कशाला बिघडवायचे?"

"वहिनी, काहीतरीच काय बोलता!"

"खरं तेच बोलते. तो कोट दुसरीकडे कुठे करून मिळतो का बघा."

तिनं धाग्यांचा डबा बंद केला आणि माळ्यावर ठेवून दिला. दिवसभर ती भिंतीला टेकून बसायची. हातांना काय करावं ते सुचायचं नाही, मग उगाच पदराची किनार चाचपत राहायची. तिचे डोळे चांगले होते हे त्या घरात एकट्या मला ठाऊक होतं, आणि मला तोंड नव्हतं. काचबाईचं मला काही वाटलं नाही, खोटं कशाला बोलू? पण काकूकडे बघवेना.

सहाव्या दिवशी पुन्हा सर आली. मी सगळा जोर लावला. इतकी वर्षं धरून बसलेला एकुलता एक कान रिपेवरून सोडवला आणि घसरलो. थेट खालच्या रांगेवर जाऊन आडवा पडलो. खोलीत पाण्याची धारच लागली.

मिस्त्री शिडीवरून डोकावला आणि कपाळावर हात मारून घेतला. "अरे! काच तर काढली, मग गळतंय कुठून?" त्यानं मला उचललं. तुटलेला कान दिसला. तरी त्यानं पेराने वाजवून बघितलं. बद्द! तुटक्या कानापासून निघालेली भेग कुठवर गेली होती हे मलाही ठाऊक नव्हतं.

"वहिनी," तो वरूनच ओरडला, "काच निर्दोष आहे हो! या घंटेनं घात केला. आणि मी गाढव, हिला वाजवलंच नाही!"

त्यानं काचबाईला गोणपाटातून काढलं, पुसलं आणि जागेवर बसवलं. माझ्या जागी दुसरं कौल आलं. मला काखेत मारून तो खाली उतरला. पाऊस थांबून ऊन पडलं होतं.

"हे फेकून देतो उकिरड्यावर," तो म्हणाला.

"थांबा, बघू तरी. इतकी वर्षं डोक्यावर होतं माझ्या."

काकूनं मला मांडीवर घेतलं. उजेडाचा चौकोन माझ्यावर पडला. तिनं बोटानं माझ्यावरची धूळ पुसली आणि सवयीनं मान तिरकी केली, कापड बघताना करायची तशी.

"भावोजी, याचा रंग बघितलात?"

"त्यात काय बघायचं? लाल."

"लाल कुठला! मधे तपकिरी आहे. कडेला जांभळट झाक मारतेय. आणि इथे, जास्त भाजलंय ना, इथे करडा शिरलाय बघा आत. चार धागे लागतील मला हे रफू करायला."

"मला बुवा नुसतं लाल दिसतंय."

"तुम्हाला नाहीच दिसायचं," काकू म्हणाली आणि बोलता बोलता थांबली. माझ्याकडे बघितलं. वर बघितलं. मग मला हलकेच बाजूला ठेवून उठली आणि म्हणाली, "माळ्यावरचा डबा काढा हो जरा." खुंटीवरचा कोट तिनं स्वतःच काढला.

आठव्या दिवशी हेडमास्तरांनी कोटाच्या छातीवरून दोनदा हात फिरवला आणि विचारलं, "अहो, पण जळलं होतं कुठे?" काकू नुसती लाजली. मग हेडमास्तरांनी मान वर केली. "वा, काय सुरेख उजेड आहे हो!" मी आता खाली खोलीतच भिंतीला टेकून बसलो होतो, तरी मला झोंबलंच.

तर मित्रांनो, पावसाच्या आधी शिडी लावा आणि एकेक कौल वाजवून बघा. ज्याच्यावर तुमचा पक्का भरवसा आहे, ते आधी वाजवा. ते कुरकुर करत नाही म्हणून राहून जातं. मला कुणी शिक्षा केली नाही, कारण मी मुद्दाम सरकलो होतो हे कुणाला कळलंच नाही. आज तुम्हाला सांगितलं. पण एक गोष्ट माझी पाठ सोडत नाही. जन्मभर मला वाटायचं, कुणीतरी एकदा मला नीट बघावं. काकूनं बघितलं, माझे चारही रंग बघितले, आणि ते बघायला उजेड दिला तिनं, जिच्यावर मी नऊ वर्षं जळलो.